कोर्स कठीण आहे की नुसता छळतो?

मडगावच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: "दीड वर्ष गोल्फ खेळतोय, हँडिकॅप २४ च्या आसपास (म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात). रविवारी नऊ होल खेळून घरी येतो तेव्हा अंगापेक्षा डोकं जास्त दुखत असतं. ठरलेल्या नाल्यात बॉल जाणार, ठरलेला वाळूचा बंकर गिळणार आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बॉल होलात ढकलायला तीन-तीन 'पट' फटके. पत्नी सोबत खेळायची, तिने तर सोडूनच दिलं. हे सगळं माझ्या कच्च्या खेळामुळे, की कोर्सच्या आखणीतही खोट असते?"

दोन्ही आहे. पण घरातलं दुसरं माणूस खेळ सोडून बसलंय म्हटल्यावर मी आधी आखणीकडे बघेन. कोकण किनाऱ्यावर कोर्स बांधणं आणि बांधलेले पावसाळ्यातून तारून नेणं हाच माझा धंदा, त्यामुळे खेळाडूंच्या शिव्या थेट कानावर पडतात. त्यातल्या बऱ्याचशा रास्त असतात, फक्त चुकीच्या जागेला पडतात. लोक तळ्याला शिव्या देतात आणि खरा गुन्हेगार असतो टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा. बंकरला देतात, आणि दोष असतो त्यातल्या वाळूचा.

कठीण असणं हा आखणीचा दोष मानायचं कारण नाही. सोपा कोर्स दोन महिन्यांत कंटाळा आणतो. मी एवढंच बघतो की कच्च्या खेळाडूला त्या अडथळ्याला वळसा घालून जायला वाट ठेवलीय का, आणि ती उभ्या जागेवरून दिसते का. वाट असेल तर अडथळा किती का भयंकर असेना. लांबची वाट धरली, एक फटका जास्त गेला, पुढे चाललो. वाटच नसेल तर मात्र तो अडथळा फक्त कमी ताकदीच्या माणसाला झोडपतो, आणि ज्याला झोडपायला हवा तो वरून उडवून निघून जातो.

तुमच्या नाल्याचंच घ्या. टीसमोर नाला किंवा तळं, पलीकडे फेअरवे (ग्रीनकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा), मधे काही नाही. याला आम्ही सक्तीची कॅरी म्हणतो, म्हणजे बॉल हवेतूनच पलीकडे पडला पाहिजे. आता आकडे बघा. कोर्सचं मूल्यांकन करताना यूएसजीए ही अमेरिकन संघटना नमुना म्हणून काही खेळाडू डोळ्यांसमोर ठेवते. त्यातला अव्वल, म्हणजे स्क्रॅच पुरुष टीवरून २५० यार्ड मारतो आणि ४७० यार्डांचा होल दोन फटक्यांत गाठतो. साधारण, म्हणजे बोगी पुरुष २०० यार्ड मारतो. बोगी महिला १५० यार्ड, आणि दोन फटक्यांत तिची मजल २८० यार्डांपर्यंत. हे अंतर बॉल घरंगळून थांबतो तिथपर्यंतचं आहे, हवेतलं त्याहून कमी. म्हणजे टीपासून १४० यार्डांवर नाल्याचा पलीकडचा काठ असेल तर स्क्रॅच खेळाडूला तिथे नाला आहे हेसुद्धा जाणवत नाही. बोगी पुरुषाचा फटका जरा चुकला की बॉल पाण्यात. आणि बोगी महिलेने आयुष्यातला चांगला फटका मारला तरी पाण्यातच. तुमच्या पत्नीने खेळ का सोडला असावा याचा मला यातून अंदाज येतो. उत्तम मारूनही दर आठवड्याला तीच शिक्षा होत असेल तर माणूस किती दिवस येईल?

यावर इलाज स्वस्त आहे. नाल्याच्या पलीकडे, किंवा कॅरी ७०-८० यार्डांवर येईल अशा बेताने पुढे एक टी. पाच-सहा मीटर लांबीरुंदीचा सपाट तुकडा, चांगली माती, हिरवळ, दोन मार्कर. एवढ्यात काम होतं. तरीही बऱ्याच ठिकाणी तो नसतो, कारण आखणाऱ्याच्या डोक्यात मागचाच टी असतो आणि माहितीपत्रकातला फोटो तिथूनच काढलेला असतो. पुढचा टी असला तरी त्याला 'लेडीज टी' म्हणायची आपल्याकडे खोड आहे, म्हणून सत्तरीतले आजोबाही लाजेने मागून मारतात आणि नाल्याला बॉल दान करून येतात. अमेरिकेत २०११ साली यूएसजीए आणि तिथल्या पीजीए या व्यावसायिकांच्या संघटनेने मिळून लोकांनी पुढच्या टीवरून खेळावं म्हणून मोहीमच काढली होती. आपल्याकडे कॅडीने सुचवलं तरी राग येतो.

पाणी तिथे का असतं हेही जाणून घ्या, राग निम्मा होईल. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ग्रीन आणि टी हिरवे ठेवायचे तर ते पाणी कुठेतरी साठवावंच लागतं, आणि साठवायची जागा म्हणजे जमिनीतला सगळ्यात खोलगट भाग. तळ्याची जागा त्या खोलगटीने ठरवलेली असते, आखणाऱ्याने नव्हे. त्याच्या हातात इतकंच असतं की तळं टी आणि फेअरवेच्या बरोबर मधे आडवं येऊ द्यायचं, की होल थोडा फिरवून ते बाजूला घ्यायचं. बाजूला असलं की लाल खुंट्या लागतात, एका दंडात (म्हणजे एक फटका जादा मोजून) दोन क्लब-लांबीच्या, म्हणजे खेळायच्या दोन काठ्यांच्या, आत ड्रॉप घेता येतो, बॉल हातातून टाकून, आणि खेळ पुढे सरकतो. आडवं असलं की माघार घेऊन पुन्हा तेच दिव्य.

पाण्याने वेढलेल्या ग्रीनची फॅशन अमेरिकेतल्या टीपीसी सॉग्रासच्या सतराव्या होलने आणली. पीट डायने तो कोर्स आखला, आणि तिथे बेट करावं ही कल्पना त्याची पत्नी अ‍ॅलिस डाय हिची. तो होल १४० यार्डांच्या आतबाहेरचा, हातात छोटा क्लब, समोर सगळं स्वच्छ दिसणारं, आणि चुकलात तर ड्रॉप घ्यायला वेगळी जागा आखलेली. त्याची नक्कल करणारे बेट तेवढं घेतात. अंतर १८० यार्ड करतात, समुद्रावरचा वारा आडवा येतो आणि ड्रॉपची जागा ठेवायची विसरतात. मग एकेक गडी टीवर उभा राहून चार-चार बॉल पाण्यात टाकतोय आणि मागे तीन गट खोळंबलेत, असं चित्र.

बॉल हरवणं हा वैतागाचा सगळ्यात मोठा झरा, पाण्याहूनही मोठा. पाण्यात गेलेला बॉल गेलेला तरी असतो. झाडोऱ्यात गेलेला सापडेल असं वाटत राहतं. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हा मूळचा डॉक्टर, पुढे बॉबी जोन्स या नामवंत खेळाडूबरोबर ऑगस्टा नॅशनल हा कोर्स आखणारा. त्याने शंभर वर्षांपूर्वी आपली तत्त्वं मांडताना स्पष्ट सांगितलं होतं की हरवलेले बॉल शोधण्याचा जाच आदर्श कोर्सवर अजिबात नसावा. गोव्यात हे अवघड जातं. सप्टेंबरात काजूच्या झाडांखाली गवत गुडघाभर होतं, त्यात घाणेरी. फेअरवेपासून दहा पावलांवर पडलेला बॉल डोळ्यांदेखत गडप. २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच होती. तीन मिनिटं संपली की एक दंड घ्या आणि उन्हातून टीपर्यंत परत चाला. मागचे लोक कमरेवर हात ठेवून बघतायत.

या दोन्हींवर उपाय आहेत. फेअरवेलगतचा पंधरा-वीस यार्डांचा पट्टा झाडं तशीच ठेवून खालून साफ ठेवला तर झाड फटका अडवतं पण बॉल गिळत नाही. आणि नियमांतच २०१९ पासून एक स्थानिक नियम उपलब्ध आहे: बॉल हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर टीवर परत न जाता, तो जिथून नाहीसा झाला त्या अंदाजाने फेअरवेच्या कडेला दोन दंड घेऊन ड्रॉप. व्यावसायिक आणि अव्वल स्पर्धांसाठी तो नाही, पण रविवारच्या खेळासाठी क्लबने लावायलाच हवा. समितीने एक कागद चिकटवायचा, खर्च शून्य. (झाडोऱ्यात नाग-फुरसं दिसलं तर नियमानेच विनादंड सुटका मिळते. त्यासाठी आधी हात घालून बघायची गरज नाही.)

माडांबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. बुंधा सरळसोट, खाली मोकळं, बॉल दोन माडांच्या मधून काढता येतो. कोर्सवर लावायला याहून चांगलं झाड किनाऱ्यावर मिळणार नाही. फक्त शेंड्यात अडकलेला बॉल तुमचाच आहे हे ओळखता आलं पाहिजे, नाहीतर तो हरवलेलाच धरतात. २०१२ च्या यूएस ओपनमध्ये ली वेस्टवुडचा बॉल असाच झाडात राहिला आणि त्याला परत जाऊन खेळावं लागलं. दुर्बिणीतून स्वतःची खूण दिसली असती तर एका दंडात भागलं असतं. बॉलवर ठसठशीत खूण करायची सवय लावून घ्या.

आता हद्दीकडे येतो. तुम्ही लिहिलं नाहीत, पण उजव्या हाताने खेळणारा २४ हँडिकॅपचा माणूस म्हणजे बॉल उजवीकडे वळणार हे मी धरून चालतो. हा स्लाइस जगातल्या बहुतेक हौशी खेळाडूंना असतो. कोर्स जमिनीच्या कडेकडेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला तर कुंपण डाव्या हाताला राहतं आणि स्लाइस कोर्सच्या आतच पडतो. उलट फिरवला की उजवीकडे कुंपण, पलीकडे रस्ता किंवा कुणाचं तरी भाट (बागायत), आणि प्रत्येक स्लाइस हद्दीबाहेर. नकाशावर ही एक निवड असते, पण त्यावर खेळणाऱ्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. अर्थात आत पडणारा स्लाइस शेजारच्या होलवरच्या माणसाच्या डोक्यात बसू नये म्हणून मधे अंतर लागतं, आणि आपल्याकडे अंतराचीच मारामार. पूर्ण १८ होलांना दीडशे एकरांच्या घरात जमीन लागते. गोव्यात ती कुठून आणणार? तेरेखोलच्या गोल्फ प्रकल्पाला गावकऱ्यांनी केलेला विरोध आठवत असेल. इथे जमीन, कुळं आणि पाणी हे तिन्ही प्रश्न गोल्फच्या आधीचे आहेत, आणि तसेच असावेत. म्हणून राजबाग, मोबोर, बाणावली अशा किनारी रिसॉर्टांना जोडलेले छोटे कोर्सच आपल्या वाट्याला येतात. छोट्या जागेत होल एकमेकांना चिकटतात, मग आतल्या आतही पांढऱ्या खुंट्या ठोकून शेजारचा फेअरवे 'हद्दीबाहेर' केला जातो. सुरक्षेसाठी करतात हे मान्य, पण हिरव्यागार गवतात समोर दिसणारा बॉल खेळायचा नाही, हे कुणालाही पटत नाही. जिथे फेअरवेच्या दोन्ही अंगांना व्हिला विकायच्या असतात तिथे तर होलची रुंदी विक्री विभागच ठरवतो.

याच स्लाइसशी बंकरचा संबंध आहे. उजवीकडे, टीपासून १८० ते २०० यार्डांवर बंकर काढायची जुनी सवय आहे. स्क्रॅच खेळाडू २५० मारतो, तो बंकर त्याच्या खिजगणतीतही नसतो. तुमचा स्लाइस बरोबर तिथे. म्हणजे ज्याचा फटका आधीच वाकडा गेला, अंतर आधीच कमी पडलं, त्याला वर वाळूही. असा बंकर मला दिसला की मी बुजवायचा सल्ला देतो. त्यात मालकाचे पैसेही वाचतात, कारण कोर्सवर सगळ्यात जास्त हातकाम मागणारी गोष्ट बंकरच. बंकर ठेवायचाच तर तो २४० यार्डांवर, धाडस करणाऱ्याच्या वाटेत ठेवा. ग्रीनसमोर आडवा बंकरही त्याच जातीचा. ज्याला उंच, मऊ उतरणारा फटका जमतो त्याला तो अडत नाही. ज्याचा बॉल सरपटत येतो त्याला दारच बंद. ग्रीनच्या समोर एका बाजूला तरी आठ-दहा पावलांची उघडी तोंडवाट हवी.

पण तुमचा 'ठरलेला बंकर' का गिळतो याचं गोव्यातलं कारण बहुतेक वेगळं निघेल. जुलैतल्या एखाद्या सकाळी, रात्रभर धो धो कोसळल्यावर, बंकरपाशी येऊन उभे राहा. वरच्या उभ्या उताराची वाळू पूर्ण धुपून तळाला आलेली असते. उतारावर जांभ्याची लाल माती उघडी, त्यात बोटभर रुंदीच्या घळी. तळाला घोटाभर गढूळ पाणी. चार माणसं पंप लावून पाणी काढतात, फावड्याने वाळू परत वर चढवतात, आणि संध्याकाळच्या सरीत ती पुन्हा खाली. पावसाळाभर हेच. प्रत्येक फेरीत जांभ्याची बारीक भुकटी वाळूत मिसळत जाते, खालच्या निचऱ्याच्या नळ्या बुजतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पांढरी वाळू गुलाबी होऊन फरशीसारखी घट्ट बसते. नोव्हेंबरात तुम्ही त्यात उतरता तेव्हा एका कडेला वाळूचा नुसता पापुद्रा, क्लब खाली आपटून उसळतो, बॉलच्या पोटात बसतो आणि ग्रीन ओलांडून पलीकडे. त्याच बंकरच्या दुसऱ्या कडेला नव्याने ओतलेली भुसभुशीत वाळू, त्यात बॉल अर्धा रुतलेला. एका बंकरमध्ये दोन पावलांच्या अंतरावर दोन वेगळे फटके मारायचे, आणि कुठे कोणता हे वरून कळत नाही. अव्वल खेळाडूलाही इथे चीड येते.

त्यात किनाऱ्यावर कुणालातरी हमखास सुचतं की शेजारी एवढा समुद्र असताना वाळू विकत कशाला आणायची. किनाऱ्याची वाळू उचलणं बेकायदा आहे हे एक. शिवाय लाटांनी घासून तिचे कण गोल झालेले असतात. गोल कण एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून उतारावर ठरत नाहीत आणि वरून पडलेला बॉल खोल रुततो. बंकरला कोनदार कणांची, बरीचशी पाव ते एक मिलिमीटर जाडीची धुतलेली वाळू लागते. तळाला अस्तर, आणि मुख्य म्हणजे आमच्या पावसात उतार कमी: वाळू सपाट तळापुरती, उतारावर हिरवळ. फोटोत उंच पांढऱ्या भिंती छान दिसतात, पण त्या कमी पावसाच्या मुलखातल्या. खेळाडू म्हणून इतकं लक्षात ठेवा की बंकरमध्ये पाणी साठलं असेल तर आतल्या आत विनादंड सुटका मिळते, आणि रुतलेला बॉल अजिबात निघत नसेल तर दोन दंड घेऊन बाहेर, मागच्या रेषेवर ड्रॉप घेता येतो. पाच फटके वाळूत मारण्यापेक्षा ते स्वस्त.

तीन पटांबद्दल. ग्रीनचा उतार आणि ग्रीनचा वेग ही जोडी एकत्र बघावी लागते. होल कापायची जागा साधारण दोन-तीन टक्के उताराच्या आत असावी. पावसाळ्यात गवत जरा वाढवून ठेवावं लागतं, ग्रीन संथ असतं, आणि चार टक्क्यांचा उतारही खपून जातो. डिसेंबरात पर्यटक येतात, व्यवस्थापनाला 'फास्ट ग्रीन' हवी असतात, गवत खाली कापलं जातं, आणि तोच उतार बॉल थांबूच देत नाही. वरून हलकेच टेकवलेला बॉल होलच्या बाजूने खाली ग्रीनबाहेर. यात आखणाऱ्यापेक्षा रोजची जागा ठरवणाऱ्याची चूक जास्त. मोठ्यांच्या हातूनही होते ती. २०१८ च्या यूएस ओपनला शिनेकॉक हिल्सवर तिसऱ्या दिवशी ग्रीन इतकी वाळली की फिल मिकेल्सनने तेराव्या होलवर घरंगळणारा बॉल धावत जाऊन परत मारला आणि दोन दंड घेतले. कोर्स प्रमाणाबाहेर गेला हे आयोजकांनीही मान्य केलं. आपल्याकडे गुरुग्रामच्या डीएलएफच्या गॅरी प्लेयर कोर्सवर इंडियन ओपन होते, तिथल्या ग्रीनच्या चढउतारांनी भले भले व्यावसायिक हैराण झालेत. त्यांना त्याचे पैसे मिळतात. तुम्ही उलट भरून येता.

एक बारकावा तुमच्या हातातला. आपल्याकडची बरीच ग्रीन बर्म्युडा गवताची, आणि या गवताची पाती एका दिशेला झुकतात. बॉलमागे उभं राहून बघा: गवत चमकलं तर पाती तुमच्यापासून पुढे झुकलेली, बॉल पळणार. गडद दिसलं तर समोरून, जोर लावा. अजून खात्री हवी तर होलच्या कडेला वाका. एक कड स्वच्छ कापलेली असते आणि समोरची झिजलेली, पिवळट. पाती झिजलेल्या कडेकडे झुकलेली असतात. हे नुसतं बघायला लागलात तरी तिसरा पट बऱ्याचदा वाचेल. खारं पाणी सोसणारं पास्पालम जिथे लावलंय तिथे हा झुकाव फारसा जाणवत नाही.

सूर्य ही गोव्याची खास भानगड. समुद्र पश्चिमेला, म्हणून प्रत्येक मालकाला शेवटचा होल समुद्राकडे तोंड करून हवा. संध्याकाळी पाच वाजता तिथे उभे राहा: समोर थेट सूर्य, बॉल हातातून सुटला की दिसेनासा. कॅडी कपाळावर हात धरून उभा, आणि तोही म्हणतो, "बाब, म्हाकाय दिसूंक ना." सकाळचा पहिला होल पूर्वेकडे नको आणि संध्याकाळचा शेवटचा पश्चिमेकडे नको, हा या धंद्यातला पहिला धडा. दक्षिणोत्तर आखला तरी समुद्र बाजूला दिसतोच.

आंधळे फटके, म्हणजे ग्रीन किंवा फेअरवे उंचवट्यामागे लपलेला, मला तितके वाईट वाटत नाहीत. स्कॉटलंड-आयर्लंडच्या जुन्या कोर्सवर ते आहेत आणि लोक प्रेमाने खेळतात. एखादा असावा, माथ्यावर दिशेचा खांब असावा, पुढे गेलेल्यांनी वाजवायला घंटा असावी. मुंबई-कोलकात्याच्या जुन्या क्लबांत बॉल कुठे पडतो ते बघणारा आगेवाला पुढे उभा असायचा तो याचसाठी. रिसॉर्टच्या कोर्सवर अडचण अशी की बहुतेक पाहुणे आयुष्यात एकदाच खेळणार, त्यांना शिकायची दुसरी संधी नाही. तुम्हाला दर रविवारी आहे, तेव्हा ही तक्रार तुमच्यापुरती बाद.

ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतची लांबलचक चाल, बग्गीशिवाय जमू नये अशी: मे महिन्यात हीच माणसाला मारते, पण त्यावर बांधून झाल्यावर इलाज नाही. फेअरवेच्या मधल्या खळग्यात सगळ्यांचे बॉल येऊन साठतात आणि तिथेच खड्डे पडतात, त्याला मात्र आहे. तो खळगा पाणी जमवायला मुद्दाम केलेला असतो. तिथल्या निचऱ्यावरच्या जाळीच्या झाकणाने तुमचा स्टान्स (उभं राहणं) किंवा स्विंग (क्लब फिरवणं) अडत असेल तर विनादंड सुटका घ्या, आणि खड्डे बुजवायला माती-वाळूची बादली ठेवायला सांगा.

तुमच्या बाजूने काय करता येईल? तुमच्या पाच नंबरच्या आयर्नचं (धातूच्या पात्याच्या क्लबचं) सरासरी अंतर घ्या, त्याला ३६ ने गुणा. १४० यार्ड असेल तर ५०४० यार्ड, ही १८ होलांसाठी तुम्हाला झेपणारी लांबी. नऊ होलांसाठी निम्मी. कार्डावर मागच्या टीची बेरीज याहून बरीच जास्त असेल तर पुढे या, वैतागातला मोठा वाटा तिथेच गळेल. कोर्सचं अधिकृत मूल्यांकन झालं असेल तर कार्डावर स्लोप हा आकडा असतो, ५५ ते १५५ मधला, प्रमाण ११३. अव्वल खेळाडूच्या तुलनेत साधारण खेळाडूला कोर्स किती जास्त जड जातो, ते तो सांगतो. कोर्स लांबीने आखूड आणि स्लोप १३० च्या पुढे, असं दिसलं तर समजा, हा कोर्स दुबळ्यावरच जोर काढतो. वाद घालायला हा आकडा तुमच्या मताहून जास्त उपयोगी.

आणि समितीकडे जाल तेव्हा 'कोर्स वाईट आहे' म्हणू नका, कुणी ऐकत नाही. एका होलचं एकच काम मागा. माझा क्रम असा राहील: आधी नाल्यापाशी पुढचा टी, मग हरवलेल्या बॉलचा स्थानिक नियम, मग उजवीकडचा बंकर बुजवणं, झाडांखालची सफाई चौथी. नियमाचा कागद उद्याही लागेल. पण टी आणि बंकरचं मातीकाम मेअखेर उरकून पहिल्या पावसात हिरवळ लावली तर ती फुकटच्या पाण्यावर मुळं धरते आणि चवथ उलटून गेल्यावर खेळायला मिळते. दिवाळीनंतर विषय काढलात तर टँकरचा खर्च दाखवून तुम्हाला पुढच्या वर्षावर ढकलतील. म्हणून अर्ज मार्चमध्ये द्या, आणि सोबत पत्नीचीही सही असू दे.